सबमिट केल्यावर सर्व्हरला काय मिळते

वेबवरचा फॉर्म भरून माणूस बटण दाबतो. ब्राउझर त्या सगळ्या रकान्यांची एक सलग बाइटमाला करून पाठवतो. पलीकडे सर्व्हरवरचे फ्रेमवर्क त्या मालेतून नाव, पत्ता, फोन, फोटो पुन्हा सुटे करते आणि आपण लिहिलेल्या प्रोग्रामच्या हाती देते. सुटे करण्याच्या या कामाला पार्सिंग म्हणतात. ते नीट होते की नाही हे कसे तपासायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

एवढ्याशा गोष्टीवर अख्खे पुस्तक कशाला, असे विचारणारे भेटतील. जँगो, रेल्स, स्प्रिंग, फ्लास्क, लाराव्हेल ही फ्रेमवर्क जगभर चालतात, त्यांचे पार्सर जाणत्या माणसांनी लिहिले आहेत, मग आपण पुन्हा कशाला तपासायचे? माझे उत्तर असे की, ती माणसे जाणती आहेत हे खरेच. पण तपासताना त्यांच्या डोळ्यांसमोर जी नावे, जे पत्ते आणि जे कागद होते ते सहसा आपले नव्हते. कऱ्हाडच्या कुणा गोऱ्ह्यांचा, सोबत सातबारा जोडलेला अर्ज त्यांच्या टेस्टमध्ये क्वचितच सापडेल. तो आपणच घालायचा असतो.

सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर जो कारकून बसतो, त्याचे काम पार्सरकडे असते. निर्णय वरचे साहेब घेतात. पण अर्ज कोणत्या फायलीत लागला आणि सोबतचे कागद सुटले की टिकले, हे त्या टेबलावरच ठरून जाते. तिथे चूक झाली तर पुढचा सगळा तर्क कितीही बिनचूक असो, तो चुकीच्या कागदावर चालतो. आमच्या धंद्यात मात्र तपासणीचा बहुतेक वेळ साहेबांच्या केबिनवर खर्च होतो. या टेबलाकडे कुणी फिरकत नाही.

मी हे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधून लिहिते आहे आणि या विषयाला हे गाव जवळचे आहे. वेबवरच्या फॉर्मची रीतसर व्याख्या नोव्हेंबर १९९५ मध्ये झाली. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी एचटीएमएलची दुसरी आवृत्ती ‘आरएफसी १८६६’ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. रकान्याचे नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत, मग पुढची जोडी सुरू करणारे & हे चिन्ह, मोकळ्या जागेच्या ठिकाणी + आणि बाकी अवघड अक्षरांसाठी % लावून त्यांचा आकडा, ही पद्धत तिथे नोंदली गेली. फाईल पाठवण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. ती त्याच महिन्यात ‘आरएफसी १८६७’ने दिली. झेरॉक्स कंपनीतले अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर हे तिचे लेखक. मॅसिंटर झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात होते, म्हणजे इथून डंबार्टन पूल ओलांडला की खाडीपलीकडे. मल्टिपार्ट नावाची ती पद्धत आजही चालू आहे. तिचा नवा मसुदा मॅसिंटर यांनीच २०१५ मध्ये ‘आरएफसी ७५७८’ म्हणून काढला.

फ्रीमाँटच्या वॉर्म स्प्रिंग्ज भागात हरिकेन इलेक्ट्रिकचे मोठे डेटा सेंटर आहे. लिनोड या कंपनीची यंत्रे फ्रीमाँटमध्ये असल्यामुळे, जगात कुठेही बसून सर्व्हर भाड्याने घेणाऱ्यांना ठिकाणांच्या यादीत या गावाचे नाव वर्षानुवर्षे दिसत आले. कुठल्या देशातले, कुठल्या भाषेतले किती फॉर्म या गावात येऊन पार्स झाले असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारणही याच गावात आहे. २६ मे २०१५ पासून एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना अमेरिकेत नोकरीची परवानगी मिळू लागली. फ्रीमाँट आणि आसपासच्या मराठी घरांतल्या कितीतरी जणींनी त्या वेळी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे वर्ग केले आणि त्या कामाला लागल्या. कुणी पुण्यात आर्किटेक्ट होती, कुणी नाशिकला शिकवत होती. या बायका काटेकोर आहेत, चिवट आहेत. पण त्यांना शिकवले गेले ते पडद्यावरचे टेस्टिंग: रकाना रिकामा सोडा, लाल अक्षरांत सूचना येते का पाहा, पुढे चला. पडद्याखालून प्रत्यक्ष काय गेले, हे उघडून बघायला कुणी सांगितले नाही. मराठीत विचार करणाऱ्या टेस्टरला ते मराठीतून सांगितले की फार लवकर उमजते, असा माझा अनुभव आहे.

पहिली गोष्ट मी अशी सांगते की, फ्रेमवर्कने दिलेल्या टेस्ट क्लायंटवर विसंबू नका. जँगोचे उदाहरण घ्या. ब्राउझरमधला साधा फॉर्म & आणि + वाल्या जुन्या पद्धतीने जातो. जँगोचा टेस्ट क्लायंट मात्र काही वेगळे न सांगितल्यास तोच मजकूर मल्टिपार्ट करून पाठवतो. म्हणजे तुमची टेस्ट हिरवी होते, पण ती ज्या वाटेने गेली त्या वाटेने तुमचे वापरकर्ते येतच नाहीत. त्या क्लायंटमध्ये सीएसआरएफची, म्हणजे परक्या साइटवरून फसवून पाठवलेले फॉर्म अडवणारी, तपासणीही आपण मुद्दाम चालू करेपर्यंत बंद असते. शिवाय पाठवणारा आणि वाचणारा दोघेही एकाच घरचे असले की एकाची गैरसमजूत दुसऱ्यात झाकली जाते. म्हणून या पुस्तकातली प्रत्येक टेस्ट कच्च्या बाइटांपासून सुरू होते. ब्राउझरने खरोखर पाठवलेली माला फाईलमध्ये जपून ठेवायची, तीच सर्व्हरला द्यायची आणि काय हाती आले ते ताडून पाहायचे. काम थोडे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माल तिथे आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट. आणि % लावून पाठवले की पंचेचाळीस अक्षरे. सर्व्हरवर मजकुराच्या लांबीची मर्यादा कुठे मोजली आहे, चिन्हांवर, बाइटांवर की % लावलेल्या अक्षरांवर, यावर इंग्रजीत लिहिणाऱ्याचे काही अडत नाही. मराठीत लिहिणाऱ्याचा अर्ज मात्र नऊपट आधी भिंतीवर आपटू शकतो.

त्याहून नाजूक प्रकार तुकड्यांचा. मोठा फॉर्म सर्व्हरकडे एकसंध येत नाही, तुकड्या-तुकड्याने येतो. कोणता तुकडा कुठे तुटेल हे जाळे ठरवते. समजा ‘ठ’चे दोन बाइट एका तुकड्याच्या शेवटी आले आणि तिसरा पुढच्या तुकड्यात गेला. पार्सर प्रत्येक तुकडा आला तसा अक्षरांत बदलत असेल, तर ‘ठ’च्या जागी प्रश्नचिन्ह असलेले काळे चौकोन उमटतात. रोमन अक्षर एकाच बाइटचे असल्यामुळे ते कधी मधोमध तुटत नाही. म्हणून इंग्रजीत तपासणाऱ्याला हा दोष जन्मभर दिसणार नाही. तपासायचा उपाय सोपा आहे. तीनशे बाइटांचा एक फॉर्म घ्या. तो आधी सलग पाठवा. मग एकेक बाइट सुटा पाठवा. मग पहिल्या बाइटनंतर तोडून, दुसऱ्यानंतर तोडून, असा २९९ ठिकाणी तोडून पाठवा. प्रत्येक वेळी उत्तर तेच आले पाहिजे. मल्टिपार्टमध्ये दोन भागांच्या मधली सीमारेषा नेमकी तुटली तर पार्सर ती ओळखतो का, हेही याच टेस्टमध्ये आपोआप तपासले जाते. संपूर्ण पुस्तकातून एकच टेस्ट उचलायची असेल तर ही उचला.

मग आपला अर्धा ‘र’. ‘कऱ्हाड’ लिहिताना तो तीन वाटांनी येतो. कुणाच्या कीबोर्डवरून नुक्त्याचा ‘ऱ’ एकाच चिन्हाने येतो आणि त्याला हलंत लागतो. कुणाकडून साधा ‘र’, त्यापुढे सुटा नुक्ता आणि मग हलंत येतो. कुणाचा कीबोर्ड ‘र’, हलंत आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह पाठवतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ती तीन गावे वाटतात. युनिकोडचे प्रमाणीकरण केले की पहिल्या दोन वाटा एक होतात. तिसरी वाट तरीही वेगळीच राहते. आणि ‘अदृश्य चिन्हे धोकादायक असतात, ती काढून टाका’ अशा सद्हेतूने कुणी गाळणी बसवली असेल, तर जोडचिन्ह गळते आणि ‘कर्हाड’ असे रेफाचे भलतेच गाव नोंदले जाते. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे या सगळ्यांची हीच गत. आधार, मतदारयादी आणि बँकेतले नाव एकमेकांशी जुळवून पाहण्याच्या या दिवसांत नावातला ‘र’ बदलणे ही किरकोळ गोष्ट नाही. माणूस आपले नाव बरोबर लिहितो आणि नोंदीत ते चुकीचे पडते, तेव्हा हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.

फाईलच्या नावाचा किस्सा तर हाताने करून पाहण्यासारखा आहे. फ्लास्क ज्याच्यावर उभे आहे त्या वर्कझॉइग ग्रंथालयात फाईलचे नाव सुरक्षित करून देणारे एक फंक्शन आहे. फाईलच्या नावात घुसडलेला घातक मार्ग त्यामुळे निकामी होतो, म्हणून ते वापरा असे सगळीकडे शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण ते रोमनेतर अक्षरे गाळून टाकते. ‘सातबारा’ नावाची पीडीएफ फाईल त्याला द्या. ‘सातबारा’ जातो, मागे राहिलेले टिंबही कडेला आल्यामुळे छाटले जाते आणि नाव उरते नुसते ‘पीडीएफ’, तेही रोमन तीन अक्षरांत. आता ‘फेरफार’ नावाची दुसरी पीडीएफ द्या. तिचेही नाव तेच. प्रोग्रामने याच नावाने एकाच फोल्डरमध्ये फाईल ठेवली असेल, तर शेतकऱ्याचा फेरफार त्याच्याच सातबारावर जाऊन बसला आणि सातबारा नाहीसा झाला. फंक्शन नाव पूर्ण रिकामेही करू शकते, हे त्याच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे; तेव्हा दोष ते न वाचता वापरणाऱ्याचा. दोन देवनागरी नावांच्या फाईली एकामागोमाग चढवण्याची टेस्ट पाच ओळींची आहे. ती लिहिलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

लिपीशी संबंध नसलेल्या खाचाखोचाही पुस्तकात आहेत. निवड न केलेला चेकबॉक्स ‘नाही’ असे पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. मजकुराच्या मोठ्या रकान्यात नवी ओळ ब्राउझर एक चिन्ह धरून मोजतो, पण पाठवताना दोन चिन्हे पाठवतो. त्यामुळे पडद्यावर पाचशेत बसलेला अर्ज सर्व्हरवर पाचशेपलीकडे जातो. मोबाइल ॲपने स्वतः जुळवलेल्या मालेत +९१ मधला + तसाच पाठवला तर सर्व्हरवर तिथे मोकळी जागा उरते.

एकच रकाना दोनदा आला तर काय, हा प्रश्न जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. जावाचे सर्व्हलेट एकच किंमत मागितल्यावर पहिली देते, फ्लास्कही पहिली देते. पीएचपी आणि जँगो शेवटची देतात. एएसपी डॉट नेट दोन्ही स्वल्पविरामाने जोडून देते. यातले कुठलेच उत्तर मुळात चूक नाही. धोका उभा राहतो तो दारावरचा पहारेकरी पहिली किंमत तपासत असेल आणि आतला प्रोग्राम शेवटची वापरत असेल तेव्हा. स्तेफानो दी पाओला आणि लुका कारेत्तोनी यांनी २००९ मध्ये या प्रकाराची पद्धतशीर मांडणी केली. २०२१ मध्ये पायथॉनने & बरोबर अर्धविरामालाही जोड्यांमधले चिन्ह मानणे सोडून दिले, त्याचेही कारण हेच: मधला कॅश एका तऱ्हेने वाचायचा आणि पायथॉन दुसऱ्या.

मर्यादांचे प्रकरण बर्लिनपासून सुरू होते. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवले की, रकान्यांची नावे मुद्दाम जुळवून पाठवली तर एका छोट्या फॉर्मने सर्व्हर मिनिटेच्या मिनिटे गुंतवून ठेवता येतो. त्यानंतर पीएचपीने जानेवारी २०१२ मध्ये एका फॉर्ममध्ये १००० रकान्यांची मर्यादा घातली. जँगोनेही २०१६ मध्ये १००० चीच घातली. पण दोघांचे वागणे वेगळे. जँगो असा फॉर्म सरळ नाकारतो. पीएचपी हजारापर्यंतचे रकाने घेते आणि पुढचे सोडून देते. लॉगमध्ये इशारा पडतो, भरणाऱ्याला काही कळत नाही. वर्गात ४० मुले आणि प्रत्येकाचे ३० रकाने असलेला गुणपत्रकाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. चौतिसाव्या मुलाच्या दहाव्या रकान्यानंतर सगळे गायब, आणि वर ‘यशस्वीरीत्या जतन झाले’ हा निरोप. मला विचाराल तर नाकारणे केव्हाही बरे.

न मागितलेला रकाना आला तर, हीसुद्धा टेस्ट हवी. मार्च २०१२ मध्ये इगोर होमाकोव्ह या तरुणाने गिटहबवर पब्लिक की जोडण्याच्या फॉर्ममध्ये नसलेला मालकाचा क्रमांक स्वतः घालून पाठवला आणि रेल्सच्याच भांडारात लिहिण्याचा अधिकार मिळवून दाखवला. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्स ४ मध्ये चालणारे रकाने आधी नाव घेऊन सांगण्याची पद्धत रुळली. २०२२ च्या मार्चमध्ये स्प्रिंगमध्ये सापडलेले मोठे भगदाडही त्याच कुळातले होते.

या सगळ्यात मी विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगते ती घटना इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीची. अपाची स्ट्रट्स या फ्रेमवर्कच्या मल्टिपार्ट पार्सरमध्ये दोष होता. हल्लेखोराला फाईल चढवावी लागत नव्हती, रकाना भरावा लागत नव्हता. ‘माझा मजकूर अमुक प्रकारचा आहे’ असे सांगणाऱ्या हेडरमध्ये त्याने वेडावाकडा मजकूर घातला की पार्सर अडखळायचा, चुकीचा निरोप तयार करायला घ्यायचा आणि तो तयार करताना हेडरमधला मजकूर आज्ञा म्हणून चालवून टाकायचा. दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला आली. इक्विफॅक्सने ती वेळेत बसवली नाही. सप्टेंबरमध्ये कंपनीने चोरी जाहीर केली, आणि अखेर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेल्याचे निष्पन्न झाले. इथे पार्सरने बरोबर फॉर्म नेहमी बरोबरच वाचले होते. तो फसला चुकीच्या फॉर्मला नकार देताना. म्हणून या पुस्तकाचा सर्वांत जाड भाग मोडक्या फॉर्मचा आहे: सीमारेषा नसलेले, अर्ध्यावर संपलेले, खोटी लांबी सांगणारे, % नंतर काहीच नसलेले. त्यातल्या प्रत्येकाला फ्रेमवर्कने शांतपणे आणि लवकर नाही म्हटले पाहिजे, आणि तसे म्हणताना त्यातला मजकूर कुठेही चालवता कामा नये.

पुस्तक क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. प्रोग्रामिंग नवीन असेल त्यांनी कच्चे बाइट पकडण्याचे प्रकरण आधी वाचावे आणि ब्राउझरचे नेटवर्क दालन उघडे ठेवून सोबत करून पाहावे. अनुभवी मंडळींनी तुकड्यांच्या टेस्टपासून सुरुवात केली तरी चालेल. आवृत्त्या बदलतील, आज सांगितलेले एखाद्या फ्रेमवर्कचे वागणे उद्या बदललेले दिसेल. म्हणून पुस्तकातले उत्तर पाठ करू नका, टेस्ट चालवून स्वतःचे उत्तर मिळवा.

आणि एक मागणे आहे. पहिल्या टेस्टमध्ये आपल्या घरातले एखादे नाव घाला, आपल्या गावाचे नाव घाला, मराठी नावाची एक फाईल जोडा. त्यातले काही तुटलेले आढळले तर स्वतःच्या प्रोग्रामपुरती मलमपट्टी करून थांबू नका. ज्या बाइटांनी ते तुटले ते बाइट आणि तुमची टेस्ट त्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांकडे पाठवा. ही बहुतेक फ्रेमवर्क मुक्त आहेत, त्यांच्या टेस्टच्या यादीत कुणालाही भर घालता येते, आणि तिथे देवनागरी नावे अजून फार थोडी आहेत.